वयाच्या खात्यावर : प्रस्तावना

मराठी घरात तब्येतीबद्दल दोन वाक्यं फार सहज बोलली जातात. पंचेचाळिशीच्या माणसाला ‘एकदा रक्तदाब बघून घे’ म्हटलं की तो म्हणतो, ‘अजून कुठे माझं वय झालंय?’ आणि पंच्याहत्तरीच्या आईला हाक ऐकू येत नाही, चालताना तिचा तोल जातो, असं कुणी बोललं की घरातलंच कुणीतरी म्हणतं, ‘आता वय झालं, चालायचंच.’ पहिलं वाक्य माणूस ज्या दिवशी म्हणायचं सोडतो, जवळजवळ त्याच दिवशी त्याच्याबद्दल दुसरं सुरू होतं. मधे तपासणीला जागाच उरत नाही.

हे पुस्तक चाळिशीपासून ऐंशीपर्यंतच्या शरीराबद्दल आहे. अशा पुस्तकाच्या प्रस्तावनेत निरोगी दीर्घायुष्याचं रहस्य वगैरे शब्द यावेत अशी प्रथा आहे. तसलं रहस्य या पानांत नाही. ते आपल्यापाशी आहे असं सांगून चूर्णं, टॉनिकं आणि ‘फुल बॉडी चेकअप’ची पॅकेजं विकणारे पुष्कळ आहेत, त्यांचा धंदा आपण वाढवायला नको. पुस्तकाचं काम त्याहून साधं आणि माझ्या मते जास्त अवघड आहे. शरीरातल्या बदलांपैकी वयाच्या खात्यावर काय टाकायचं आणि काय मुळीच टाकायचं नाही, हे वाचकाला ओळखता यावं. केस पांढरे होणं, जवळचं वाचायला चष्मा लागणं, पहाटे लवकर जाग येणं, ओळखीच्या माणसाचं नाव ऐन वेळी न आठवता दोन मिनिटांनी आठवणं, हे वयाचं. पडणं वयाचं नाही. कपड्यात लघवी होणं वयाचं नाही. रोजच्या वाटेवर चुकणं, जेवणावरची वासना जाणं, काही न करता वजन उतरत राहणं, कशातच मन न लागणं, यांतलं काहीच नुसत्या वयाचं नाही. त्यामागे कारण असतं, आणि पुष्कळदा त्या कारणावर उपाय असतो.

वृद्धांच्या वैद्यकाची उभारणीच या फरकावर झाली. १९३५ साली पश्चिम लंडनमधल्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या, गरिबांसाठीच्या सरकारी आश्रयगृहातले ७१४ रुग्ण आले. बहुतेक म्हातारे, वर्षानुवर्षं खाटेवर पडलेले, ‘आता बरे होणारे नव्हेत’ असा शिक्का बसलेले. डॉ. मार्जोरी वॉरन यांनी त्यांना एकेक करून तपासलं, आजारानुसार वेगळं केलं, खाटेवरून उठवून चालायला लावलं. त्यांच्यातले कितीतरी स्वतःच्या पायांनी घरी गेले. औषधं तेव्हाही साधीच होती. बदलली ती गृहीत धरायची सवय. पुढे बर्नार्ड आयझॅक्स या ब्रिटिश डॉक्टरांनी म्हातारपणीच्या चार मोठ्या संकटांची यादी केली : हालचाल थांबणं, तोल जाऊन पडणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं आणि बुद्धी मंदावणं. हे चार रोग नव्हेत. आत वेगवेगळे दहा आजार असले, तरी बाहेर दिसताना ते या चारांपैकी एका रूपात दिसतात. तरुण माणसाला न्यूमोनिया झाला तर ताप येतो, खोकला येतो. ऐंशीच्या आजोबांना झाला तर ताप न येताही ते अचानक बरळू लागतात किंवा जागेवरून उठेनासे होतात. घरचे म्हणतात, वयामुळे असेल.

पडण्याचंच घ्या, कारण या पुस्तकातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलेलं प्रकरण त्यावर आहे. रात्री दोन वाजता आजी लघवीला उठतात आणि न्हाणीघराच्या दारात पडतात. खुब्याचं हाड मोडतं. ‘पाय घसरला’ एवढीच गोष्ट नातेवाइकांना फोनवर सांगितली जाते. पण त्या एका घसरण्यात काय काय असू शकतं? मोतीबिंदू पिकलेला, म्हणून उंबरठा दिसला नाही. झोपेच्या गोळीचा अंमल उतरलेला नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे एकदम उभं राहिल्यावर दाब घसरला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. लघवीत जंतुसंसर्ग, म्हणून रात्री चारदा उठावं लागतं. बी-१२ कमी झाल्यामुळे तळपायांना जमीन नीट कळत नाही. मांड्यांतली ताकद गेलेली. फरशी ओली, दिवा दूर, चपलेचा तळ गुळगुळीत. यांतली एकही गोष्ट अटळ नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पंधरा-वीस मिनिटांत होते, बल्ब बदलायला तेवढाही वेळ लागत नाही. तरी आपल्याकडे हाड बसवलं जातं, आजी घरी येतात, आणि पडण्याच्या कारणांपैकी एकालाही हात न लावता त्याच न्हाणीघरात पुन्हा जाऊ लागतात.

ही झाली नंतरची गोष्ट. आधीची चाळिशीत सुरू होते, आणि तिचा एक महत्त्वाचा भाग आपल्या पुण्यातच उलगडला आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचं एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. उंची आणि वजन यांच्या प्रमाणावरून काढतात तो निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचा नेमका सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर सडपातळ दिसणारा भारतीय माणूस आतून तसा नसतो, हे एका चित्रात कळलं. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींच्या अभ्यासात तर ही गोष्ट जन्मापाशीच जाऊन पोचली. तिथली बाळं इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांपेक्षा पाऊण किलोनं हलकी होती, स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी त्या मानानं राखलेली. म्हणजे मधुमेहाची तयारी किती आधीपासून असते बघा. आयसीएमआरच्या देशभराच्या पाहणीचे जे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांत मधुमेह असलेले १० कोटी १० लाख, त्याच्या उंबरठ्यावर असलेले १३ कोटी ६० लाख आणि रक्तदाब वाढलेले साडेएकतीस कोटी होते. उंबरठ्यावरच्या माणसाला दुखत काहीच नाही. त्याला ‘अजून कुठे वय झालंय’ म्हणायची मुभा त्यामुळेच मिळते.

म्हणून पुस्तकातल्या मापांत मी एका साध्या मापाला वरचं स्थान देईन : कंबरेचा घेर. भारतीय पुरुषासाठी ९० सेंटिमीटर, बाईसाठी ८०. शिंप्याकडची टेप पुरते. पँटच्या पट्ट्याचा आकडा सांगू नये, कारण आपल्याकडे पट्टा पोटाच्या खाली बांधायची रीत आहे आणि त्या रीतीनं कित्येकांचा घेर कागदोपत्री वीस वर्षं वाढतच नाही.

याज्ञिकांच्याच गटाचा आणखी एक अभ्यास इथे सांगायला हवा. खेडी, झोपडपट्टी आणि पुण्यातला मध्यमवर्ग, अशा तिन्ही ठिकाणचे ४४१ मध्यमवयीन पुरुष त्यांनी तपासले. त्यांतल्या ६७ टक्क्यांत बी-१२ कमी होतं, आणि सर्वांत वाईट स्थिती शहरी मध्यमवर्गाची होती. शाकाहार हे त्याचं मोठं कारण. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते आणखी उतरतं. या जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं हातापायांना मुंग्या येतात, थकवा येतो, विसरायला होतं. यांतलं कुठलंही लक्षण साठीच्या माणसानं सांगितलं तर त्याला काय उत्तर मिळतं, ते मी वर लिहिलंच आहे.

स्त्रियांच्या प्रकरणांबद्दल थोडं जास्त लिहिणार आहे. भारतीय बाईची पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास जाते, पाश्चात्त्य बाईच्या चार-पाच वर्षं आधी. त्यानंतरची काही वर्षं हाडांची झीज झपाट्यानं होते, आणि ती कळत नाही, कारण हाड पातळ होताना दुखत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ साली अस्थिभंगुरतेची मोजणीवरून व्याख्या ठरवली, तेव्हापासून निदान सोपं झालं. पण ते करून घ्यायला आधी बाईनं स्वतःसाठी दवाखान्यात जायला हवं. चाळीस ते पंचावन्न या वर्षांत तिच्या खाली दहावी-बारावीची मुलं असतात आणि वर सासूसासरे. अंगातून गरम वाफा येतात, रात्री घाम फुटतो, चिडचिड होते, आणि या सगळ्याला घरात ‘हिचा स्वभाव बदलला’ असं नाव मिळतं.

आणि हे जिला घर आहे तिच्याबद्दल झालं. बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांहून जास्त बायकांची सरकारी पाहणी झाली. तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत कोयता थांबला की मजुरी कापली जाते, फडात ना पाणी ना आडोसा, आणि पोटात दुखतंय म्हणून गेल्यावर ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला तयार. ज्यांची अंडाशयंही काढली गेली, त्यांचं पाळी जाणं तिसाव्या-पस्तिसाव्या वर्षीच उरकलं. त्या बाईच्या हाडांचं वय आधार कार्डावरच्या जन्मतारखेवरून काढून काय उपयोग? मध्यमवयाची सुरुवात चाळिशीत होते असं हे पुस्तक धरून चालतं. ही त्याची मर्यादा आहे, आणि लेखकाला मी ती बोलून दाखवली आहे.

याच राज्यानं दुसऱ्या बाजूचं कामही करून दाखवलंय. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या मदतीनं ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार स्त्रियांवर एक मोठी चाचणी झाली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आयुष्यात एकदाच एचपीव्ही विषाणूची तपासणी झालेल्या गटात त्या रोगानं होणारे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. मुंबईत टाटा मेमोरिअलनं १९९८ पासून वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांबरोबर वीस वर्षं काम केलं. दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांना काही आठवडे शिकवून त्यांच्याकडून तपासण्या करून घेतल्या. त्यांच्या नुसत्या हातांनी दर दोन वर्षांनी केलेल्या स्तनतपासणीनं पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांना मात्र तसा फायदा दिसला नाही, आणि हेही त्यांनी स्पष्ट छापलं. तपासणी म्हणजे यंत्रांची रांग आणि चार आकडी बिल, या समजुतीला यापेक्षा चांगलं उत्तर मला माहीत नाही. कोणती तपासणी, कोणत्या वयात, आणि कोणती नको, हे तीन प्रश्न पुस्तकानं प्रत्येक वेळी विचारले आहेत. पॅकेज विकणारा तिसरा प्रश्न विचारत नाही.

आता स्नायू. तिशीनंतर ते हळूहळू घटतात, पन्नाशीनंतर जरा वेगानं, आणि सत्तरीत बाजारातून पाच किलो तांदूळ उचलून आणता येईनासा होतो तेव्हा लक्षात येतं. ही घट वयाची आहे खरी, पण तिच्यातली वयाची किती आणि बसून राहण्याची किती? १९९० साली बॉस्टनमध्ये मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातले दहा जण घेतले, सगळे नव्वदीच्या आसपासचे. आठ आठवडे त्यांच्याकडून पायांनी वजनं उचलून घेतली. शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! आपल्याकडे साठीला वजन उचलायला सांगितलं तर मुलगा धावत येतो, ‘बाबा, तुम्ही ठेवा ते.’ प्रेमच असतं ते, पण मांड्यांना परवडत नाही. सकाळी बागेत गप्पा मारत चार फेऱ्या घालणं उत्तम. मन प्रसन्न होतं, चार माणसं भेटतात, हास्यक्लब असेल तर हसूही येतं. स्नायू मात्र त्यानं वाढत नाहीत. त्यांना ओझं लागतं आणि प्रथिनं लागतात. पातळ वरणाच्या वाटीत डाळ किती असते ते स्वयंपाक करणारीला विचारावं. संध्याकाळी चहा-बिस्किटं आणि रात्री दूधभात यांवर राहणारे आजी-आजोबा साखर आणि पिष्ट खाऊन हळूहळू दुबळे होत जातात, आणि ‘त्यांना हलकंच पचतं’ म्हणून घरचे समाधानी असतात.

ब्राझीलच्या क्लाउदियो जील अराउजो यांची एक चाचणी या प्रकरणात दिली आहे. आधाराशिवाय जमिनीवर बसायचं आणि आधाराशिवाय उठायचं. दहापैकी गुण, हात किंवा गुडघा टेकला की दर वेळी एक कमी. ५१ ते ८० वयाच्या २,००२ लोकांवर ती केली, तेव्हा कमी गुणवाल्यांत पुढच्या काही वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त निघालं. उठता न येणं हेच मृत्यूचं कारण असं यातून कुणी समजू नये. ताकद, तोल आणि सांधे या तिन्हींचा हिशेब त्या एका उठण्यात लागतो, एवढंच. पाटावर मांडी घालून जेवणाऱ्या आपल्या आज्या ही परीक्षा दिवसातून दोनदा देत होत्या. डायनिंग टेबल आणि कमोड आले, दुखऱ्या गुडघ्यांची सोय झाली, ते चांगलंच झालं. पण ज्यांचे गुडघे शाबूत आहेत तेही चाळिशीतच खुर्चीवर चढून बसले आहेत, आणि जमिनीवर बसायची सवय एकदा सुटली की ती परत यायला फार कष्ट पडतात.

औषधांच्या प्रकरणाविषयी थोडक्यात. रक्तदाबाचे डॉक्टर वेगळे, गुडघ्याचे वेगळे, झोपेची गोळी कुणी कधीतरी लिहून दिलेली आणि आता मेडिकलवाला चिठ्ठी न बघता देतो. गुडघेदुखीवरच्या वेदनाशामक गोळ्या रक्तदाब वाढवतात, मूत्रपिंडाला त्रास देतात. वाढलेल्या दाबाला मग आणखी एक गोळी. पायांना सूज आली की तिला आणखी एक. वर्षातून एकदा घरातल्या सगळ्या गोळ्या, काढ्यांच्या बाटल्या आणि गावाकडून आणलेल्या पुड्या एका पिशवीत भरून एकाच डॉक्टरांपुढे ओताव्यात. कुठली बंद करायची हे विचारावं. नवीन कुठली सुरू करायची हे ते न विचारताच सांगतील.

कानांबद्दल मात्र मला थांबावंसं वाटतं. चष्म्याची लाज आपल्याला वाटत नाही. वाचायला चष्मा लागला की माणूस उलट थोडा भारदस्त दिसतो. कानातल्या यंत्राची लाज वाटते. ऐकू न येणारा माणूस आधी दोनदा ‘काय?’ विचारतो, मग हसून मान डोलावतो, मग लग्नकार्यात एका कोपऱ्यात बसतो. घरात टीव्हीचा आवाज वाढतो आणि बोलणं कमी होतं. स्मृतिभ्रंशावरच्या लॅन्सेट आयोगानं २०२४ साली टाळता किंवा लांबवता येण्याजोगी १४ कारणं मांडली, आणि त्यांवर काम झालं तर सुमारे ४५ टक्के रुग्णांत हा आजार टळू शकेल किंवा पुढे ढकलता येईल असा अंदाज दिला. त्या यादीत मध्यमवयातलं बहिरेपण ठळकपणे आहे. उपचार न केलेली अधू दृष्टी आहे, वाढलेला रक्तदाब आहे, मधुमेह आहे, एकटेपण आहे. बदाम त्या यादीत नाहीत.

प्रत्येक कुटुंबात एक आजोबा असतात, ज्यांनी आयुष्यभर विड्या ओढल्या, तुपाशी जेवले आणि पंच्याण्णव वर्षं जगले. पुस्तक वाचताना ते वाचकाला आठवणार, म्हणून त्यांच्याबद्दल आधीच बोलून टाकतो. त्यांच्याबरोबर विड्या ओढणारे त्यांचे चार मित्र पंचावन्नाला गेले, त्यांची गोष्ट सांगायला कुणी उरलं नाही. तसंच ‘पूर्वी लोक जास्त जगायचे’ याबद्दल. स्वातंत्र्याच्या वेळी भारतातलं सरासरी आयुर्मान साधारण ३२ वर्षं होतं, आता ते सत्तरच्या आसपास आहे. तेव्हा बत्तिशीत सगळे मरत होते असा त्याचा अर्थ नाही. तान्ही मुलं आणि बाळंतिणी इतक्या जात की सरासरी खाली येई. आज साठी गाठलेल्या माणसापुढे सरासरी आणखी अठरा वर्षं असतात. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे १० कोटींहून जास्त होते, आणि महाराष्ट्रातलं त्यांचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा जास्त होतं. अठरा वर्षं म्हणजे बालवाडीपासून बारावीच्याही पुढचा काळ. त्यासाठी आपली तयारी म्हणजे एक विमा आणि एक फ्लॅट.

पुस्तकाचं शेवटचं प्रकरण शेवटच्या दिवसांवर आहे. अतिदक्षता विभागात काय करावं आणि काय करू नये, याची इच्छा शुद्धीत असताना लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली मान्य केला. त्या वेळची पद्धत इतकी किचकट होती की कुणी तिच्या वाटेला जात नसे. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयानं ती सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून तो कागद प्रमाणित करून घेता येतो, आणि आपल्या वतीनं निर्णय कुणी घ्यायचा त्यांची नावं त्यात लिहिता येतात. हे प्रकरण लेखकानं ऐंशीच्या पुढच्यांसाठी म्हणून शेवटी ठेवलंय. मी ते आधी वाचा असं म्हणेन, आणि पन्नाशीतच वाचा. ज्यांची नावं त्या कागदावर घालायची, त्यांच्याशी बोलायला वेळ लागतो. मुलगा विषय बदलतो, मुलगी रडते, नवरा टीव्हीचा आवाज वाढवतो. एका बैठकीत ते होत नाही. दिवाळीत सगळे जमतात तेव्हा सुरुवात केली, तर पुढच्या दिवाळीपर्यंत कागद तयार होऊ शकतो.